दोन हत्यारं, एक लायसन्स: विट्याच्या अण्णांनी रिव्हॉल्व्हर ठेवावं की पिस्तूल, त्याचं पूर्ण प्रकरण

प्रकरण असं आहे. विट्याकडचे एक गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात जन्म गेला, आयुष्यातली बरीच वर्षं केरळात काढली आणि आता गावी परत आलेत. वय साठीच्या पुढे. लायसन्सवर दोन हत्यारं, एक वडिलांकडून वारसानं आलेलं .३२ (हे नळीचं माप, इंचात) रिव्हॉल्व्हर आणि एक स्वतः घेतलेलं .३२ पिस्तूल. आधी तिसरी बारा बोरची बंदूकही होती, पण २०१९ ला आर्म्स ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली आणि तीनाची मर्यादा दोनावर आली तेव्हा ती जमा करून टाकली. आता त्यांना दोनातलंही एकच ठेवायचं होतं, आणि प्रश्न एवढाच होता की कुठलं.

आमची रेंज सांगलीपासून जवळ आहे, मी फौजेतून आल्यापासून तिथं शिकवतो आणि फायरिंगच्या दिवशी लाइन बघतो. अण्णा पुतण्याला घेऊन आले आणि म्हणाले, "मेजर, दोन्ही चालवून बघतो, ज्याचा ग्रुप चांगला ते ठेवतो." ग्रुप म्हणजे भोकं एकमेकांच्या किती जवळ पडली ते. बहुतेक सगळे असंच म्हणतात आणि मला ते पटत नाही. कागदावर भोकं कुठं पडली हे शेवटी बघायचं, त्याच्या आधी ते हत्यार त्या माणसाच्या हातानं भरता येतं का, अडकलं तर सोडवता येतं का आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दमलेल्या हातानं खाली, म्हणजे रिकामं, करता येतं का, हे बघायचं. अण्णांच्या बाबतीत हेच निर्णायक ठरलं म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण आपल्या भागात लायसन्सधारक बरेच आहेत आणि त्यातले कितीतरी जण हत्यार घेतल्यावर वर्षानुवर्षं एक राउंड, म्हणजे एक काडतूससुद्धा फायर करत नाहीत.

आधी हत्यारांबद्दल. रिव्हॉल्व्हर आपलं नेहमीचं कानपूरचं, सहा गोळ्यांचं, तीन इंची नळीचं, वरचा खटका दाबला की मधून मोडून उघडतं आणि रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे उडालेल्या काडतुसांची टरफलं, एकदम वर येतात ते. पिस्तूल म्हणजे सरकारी कारखान्याचं अशनी. दोन्ही कोटाच्या खिशात मावतील एवढी. नऊ एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, सामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून छोट्या हत्यारांची तुलना आपल्याकडे फिरून फिरून .३२ वरच येते.

पण दोन्ही .३२ असली तरी काडतूस एक नाही, आणि इथंच पहिला घोळ सापडला. अण्णांनी डबा उघडला तर दोन्ही प्रकारची काडतुसं एकत्र. पिस्तुलाचं ते .३२ एसीपी, हत्यारं घडवणाऱ्या ब्राउनिंगच्या काळातलं, १८९९ चं, बुडाची कडा किंचित बाहेर, गोळी ७१ ग्रेनची म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. रिव्हॉल्व्हरचं ते .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, नावाप्रमाणं लांब, बुडाला चांगली रुंद कडा, गोळी साधारण ९८ ग्रेनची म्हणजे सहा ग्रॅमच्या वर, पण वेगाला कमी. नळीचा व्यास जवळपास सारखा असल्यामुळं पिस्तुलाचा राउंड रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे गोळ्या बसतात त्या फिरत्या भागात, बसूही शकतो. बसतो म्हणून उडवायचा नसतो. एसीपीचं कमाल प्रेशर २०,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) धरलेलं आहे आणि एस अँड डब्ल्यू लाँगचं १५,०००, म्हणजे जुन्या रिव्हॉल्व्हरवर आपण विनाकारण जास्त ताण टाकणार. सगळी काडतुसं टेबलावर ओतून वेगळी केली, वेगवेगळ्या डब्यात भरली आणि डब्यावर मार्करनं हत्याराचं नाव लिहिलं. ज्यांच्याकडे दोन्ही हत्यारं आहेत त्यांनी हे आज घरी करावं असं मी अगदी कळकळीनं सांगतो.

मग दोन्ही हत्यारं उघडून तपासली. इलेक्शनच्या वेळी आचारसंहिता लागली की पोलीस स्टेशनला जमा होतात, परत आली की लोक तशीच कपाटात ठेवतात. अण्णांच्या पिस्तुलात तेल वाळून डिंकासारखं झालेलं होतं, रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरखाली बारीक गंज. ते साफ न करता तुलना केली असती तर पिस्तुलावर अन्याय झाला असता, म्हणून साफसफाई, नवं तेल, नळीतून कापड, हे सगळं आधी आणि फायरिंग नंतरच्या दिवशी.

पद्धत साधी ठेवली. सात मीटर आणि दहा मीटर, प्रत्येक वेळी पाचच राउंड, दोन्ही हत्यारं आलटून पालटून, म्हणजे दमणूक एकाच्याच वाट्याला येणार नाही. कानाला मफ, डोळ्याला चष्मा. प्रत्येक पाच राउंडनंतर हत्यार खाली करून टेबलावर, नळी टार्गेटकडे. आणि अण्णांना सांगितलं की मी टार्गेट बघणार नाही, तुमचे हात बघणार. त्यांचं लायसन्स, त्यांची हत्यारं, फायर करणारे तेच. पुतण्या मागं उभा राहिला, त्याच्या हातात काही दिलं नाही. त्याला वाईट वाटलं असेल, पण दुसऱ्याच्या लायसन्सचं हत्यार असं सहज हातात घ्यायची गोष्ट नाही.

पहिले काही राउंड पिस्तुलाचे एकदम सुरेख गेले. ट्रिगर हलका आणि प्रत्येक गोळीला सारखा, त्यामुळं सात मीटरवर पाचही भोकं तळहाताच्या आत. पुतण्या लगेच म्हणाला, "झालं की मग, पिस्तूलच." रिव्हॉल्व्हर डबल ॲक्शननं, म्हणजे नुसता ट्रिगर ओढून चालवलं तर ग्रुप त्याच्या दुपटीनं मोठा आणि सगळा खाली झुकलेला, कारण तो ट्रिगर लांब आणि जड, शेवटच्या टप्प्याला अण्णा पूर्ण मनगटच दाबत होते. हॅमर अंगठ्यानं मागं ओढून सिंगल ॲक्शननं मारलं की मात्र भोकं पुन्हा जवळ आली. म्हणजे कागदाचं ऐकलं असतं तर निकाल पिस्तुलाच्या बाजूनं, विषय संपला.

आता हाताचं सांगतो.

अण्णांच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधेदुखी आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, गोळ्या चालू आहेत, भट्टीवर सांडशी धरण्यात आयुष्य गेलं. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे राउंड भरायला मागं ओढायचा वरचा सरकता भाग, ओढायची ती ह्याच हातानं. आणि .३२ सारख्या छोट्या पिस्तुलाची स्लाइड ओढायला मोठ्या पिस्तुलापेक्षा सोपी असेल असं लोकांना वाटतं, ते चूक आहे. ही पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची असतात, गोळी उडताना स्लाइडला धरून ठेवायला दुसरं कुठलं लॉक नाही, फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर. हत्यार लहान म्हणजे स्लाइड हलकी, स्लाइड हलकी म्हणजे स्प्रिंग तेवढी कडक. शिवाय पकडायला जागा कमी आणि खाचा उथळ.

अण्णा स्लाइड कशी ओढत होते ते मी अगदी जवळून बघितलं. पहिल्यांदा पिस्तूल समोर धरलेलं. चिमटीत स्लाइड पकडली, सरकली नाही. मग दोन्ही हात पोटाजवळ घेतले, कोपर बाहेर काढलं, जोर लावायला सोपं व्हावं म्हणून पिस्तूल आडवं केलं, आणि त्या क्षणी नळी बरोब्बर डावीकडं, शेजारच्या लेनकडं. लेन रिकामी होती, मी मुद्दाम ठेवली होती. बोट ट्रिगरच्या बाहेर होतं, ते त्यांना चांगलं शिकवलेलं आहे कुणीतरी. मी लगेच हात धरून नळी समोर आणली आणि तिथंच थांबवलं. ते स्वतः दचकले, कारण नळी वळलीये हे त्यांना कळलंच नव्हतं, त्यांचं सगळं लक्ष अंगठ्याच्या कळेकडं.

मग दुसरी पद्धत शिकवली. चिमूट नाही, डावा तळहात स्लाइडच्या मागच्या भागावर वरून, चार बोटांनी आवळायचं, आणि स्लाइड मागं ओढायच्या ऐवजी उजव्या हातानं पिस्तूल पुढं ढकलायचं, नळी कायम टार्गेटकडं. अंगठ्यावरचा भार जवळपास जातो. जमलं. रिकाम्या पिस्तुलावर बऱ्याच वेळा करून घेतलं आणि पुन्हा फायरिंग सुरू केलं. सुरुवातीला ठीक होतं. पण जसजशी दमणूक वाढली तसा तळहात घसरायला लागला, छोट्या स्लाइडवर हात पुढं सरकला की पुंगळी बाहेर पडायची खिडकी झाकली जाते, आणि दोनदा पुन्हा तीच जुनी सवय, पिस्तूल पोटाशी आणि नळी डावीकडं निघालेली. दोन्ही वेळा मी अर्ध्यात पकडलं. घरी रात्री अकराला पकडायला कोण आहे?

आणि हे भरताना चालून जाईल एखादवेळी, खाली करताना नाही. पिस्तुलाचं मॅगझीन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, एक राउंड असू शकतो, हत्यार साफ करताना होणारे बरेच अपघात ह्या एका राउंडमुळं होतात. आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड ओढून तो राउंड बाहेर, मग खिडकीतून डोळ्यानं बघायचं आणि बोट घालून खात्री करायची, हाच क्रम. ज्याला स्लाइड ओढायला त्रास होतो तो ही पायरी टाळायला लागतो, "मॅगझीन काढलंय की" म्हणून ठेवून देतो. अण्णांना विचारलं, घरी कधी असं ठेवलंय का. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "चेंबर भरलेलंच नसतंय माझं, ओढायचा त्रास होतोय म्हणून." मग मी म्हणालो, अण्णा, म्हणजे गरज पडली तर भरता येणार नाही आणि चुकून भरलं गेलं तर खाली करता येणार नाही, मग ते तुमच्या काय उपयोगाचं.

रिव्हॉल्व्हरला हा प्रश्नच येत नाही. खटका दाबायचा, तो डाव्याच्या ऐवजी उजव्या अंगठ्यानं दाबता येतो, नळी खाली झुकते, एक्स्ट्रॅक्टर सगळ्या पुंगळ्या वर उचलतो, सहाच्या सहा भोकं डोळ्यासमोर. सहातून पलीकडचा उजेड दिसला की खाली. अंधारात बोटानं चाचपून सुद्धा कळतं. अण्णांनी हे न दुखता, न बघता, नळी सुरक्षित ठेवून प्रत्येक वेळी केलं, आणि माझ्या दृष्टीनं निम्मा निकाल इथंच लागला.

मिसफायरनं उरलेला बराच लावला. काडतुसं काही जुनी होती, कितीतरी पावसाळे कपाटात काढलेली. रिव्हॉल्व्हरमध्ये एकदा नुसता टक् आवाज. अशा वेळी नळी टार्गेटकडं ठेवून तीस सेकंद थांबायचं, कारण कधीकधी राउंड उशिरा उडतो, आणि लगेच उघडलं तर तो तोंडावर. थांबले, उघडलं, राउंड बाजूला काढला, पुढं. पिस्तुलात तसंच झालं तेव्हा थांबून झाल्यावर पुन्हा स्लाइड ओढणं आलं, पुन्हा तो अंगठा. जुनी काडतुसं त्याच दिवशी बाद केली. अजून एक गोष्ट, आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढचा राउंड कुठल्याही परिस्थितीत मारायचा नाही, गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागं दुसरी सोडली तर नळी फुटते.

आता नेमाबद्दल, कारण अण्णांची मुख्य तक्रार तीच होती, "रिव्हॉल्व्हरनं लागत नाही." दोन कारणं सापडली. एक, चष्मा. त्यांचा बायफोकल. फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, स्पष्ट दिसावी म्हणून ते मान मागं टाकून खालच्या भागातून बघत होते, आणि तो भाग पुस्तक वाचायच्या अंतरासाठी असतो, हात लांब केल्यावर फोरसाइट त्याच्या बरीच पुढं असते. मान मागं गेली की खांदे मागं, तोल टाचांवर, मग प्रत्येक धक्क्याला माणूस हलतो. सांगलीतल्या डोळ्याच्या डॉक्टरांकडून हात लांब केल्यावरच्या अंतराचा साधा, एकाच नंबरचा चष्मा करून घ्यायला सांगितला. टार्गेट थोडं धूसर दिसेल, दिसू दे, फोरसाइट स्वच्छ पाहिजे. ज्यांना चाळिशी लागलीये त्यांनी हत्यार बदलायच्या आधी हा खर्च करावा, हत्याराच्या किमतीपुढं तो काहीच नाही.

दुसरं कारण हत्याराच्या लांबीत आहे आणि ते दोन्ही हत्यारांना लागू. मागची साइट आणि पुढची साइट ह्यातलं अंतर १२० मिमी धरा. नेम धरताना पुढची साइट फक्त एक मिमीनं सरकली, तर दहा मीटरवर गोळी आठ सेंटिमीटरच्या वर चुकते. २५ मीटरच्या स्पर्धेच्या पिस्तुलात हेच अंतर २२० मिमीपर्यंत चालतं, तिथं तीच एक मिमीची चूक दहा मीटरवर साडेचार सेंटिमीटर. म्हणजे लहान हत्यार हे मुळातच नेमाला कठीण. स्पर्धेतल्या नेमबाजांचे फोटो बघून कुणी खिशातल्या रिव्हॉल्व्हरकडून तशी अपेक्षा करू नये. शेजारच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, पॅरिसला ब्राँझ आणणारा स्वप्नील कुसाळे, ह्यांच्यामुळं आपल्या भागात शूटिंगची केवढी हवा झाली, मला मनापासून आनंद आहे, पण ती हत्यारं वेगळी आणि ते काम वेगळं.

चष्म्याची सोय होईपर्यंत थांबून नंतर पुन्हा बोलावलं. ह्या वेळी ट्रिगरवर बोटाचा पेर न ठेवता पहिल्या सांध्याची घडी ठेवायला सांगितली, जड ट्रिगरला तिथून जोर नीट मिळतो, आणि ओढ एकसलग, मध्ये न थांबता. ग्रुप पिस्तुलाएवढा झाला नाही. पण खाली झुकणं थांबलं आणि सात मीटरवर सगळे राउंड छातीच्या भागात राहिले, ते मला पुरेसं वाटलं.

आणि ह्याच दिवशी ती गोष्ट दिसली जिच्यामुळं दोन्ही ठेवायचा विचार मी त्यांच्या डोक्यातून कायमचा काढला. पिस्तूल धरताना डावा अंगठा पुढं, स्लाइडच्या खालच्या बाजूला सरळ ठेवतात. पिस्तुलाचे राउंड झाल्यावर रिव्हॉल्व्हर हातात घेतलं तर अण्णांचा अंगठा सवयीनं तिथंच, पुढं. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळीच्या मध्ये बारीक फट असते, प्रत्येक गोळीला तिथून गरम गॅस आणि शिशाचे कण बाजूला उडतात, अंगठा तिथं असेल तर भाजतो, कापतो. मी राउंड सोडायच्या आत थांबवलं. उलटं केलं, आधी रिव्हॉल्व्हर आणि मग पिस्तूल, तर डावा अंगठा उजव्या हाताच्या बेचक्यावर मागून आडवा, म्हणजे स्लाइड मागं येताना कातडी सोलून नेणार. फौजेत तरुण पोरांना दोन्ही पकडी आम्ही घासून घेतो तेव्हा जमतात. वर्षातून मोजक्या वेळा फायर करणाऱ्या माणसाच्या हातात घाईच्या वेळी कुठली सवय वर येईल हे देवसुद्धा सांगू शकत नाही. एकच हत्यार, एकच पकड.

निर्णय रिव्हॉल्व्हर. अण्णांनीच घेतला, मी बघितलेलं सगळं समोर मांडलं तेवढंच. एकही न ठेवण्याचा पर्याय पण त्यांच्यापुढं ठेवला होता, धंदा बंद झालाय, सोनं घेऊन प्रवास नाही, मग जबाबदारी कशाला. त्यावर ते म्हणाले वस्ती शेतात आहे आणि वडिलांची वस्तू आहे. तो त्यांचा विचार, मी पुढं बोललो नाही. फक्त कुलूपबंद कपाट, काडतुसं वेगळ्या कुलपात आणि चाव्या त्यांच्याच कंबरेला, हे कबूल करून घेतलं.

नवीन घ्यायचं का असंही पुतण्यानं विचारलं. निर्भीक रिव्हॉल्व्हर २०१४ ला आलं, हलकं आहे. प्रबल रिव्हॉल्व्हर २०२३ ला आलं, त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो. चांगली असतील. पण अण्णांच्या हाताला हलकं हत्यार म्हणजे धक्का जास्त, आणि बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरची पुन्हा नवी सवय. जे आहे ते पंचवीस वेळा उघडून बंद करून हाताला बसलंय, त्याचा गंज काढलाय, ते ठेवावं.

पिस्तुलाची विक्री राहिली. परस्पर कुणाला देऊन टाकणं हा गुन्हा आहे. घेणाऱ्याचं लायसन्स पाहिजे, त्याचं नाव पत्ता लिहून कलेक्टर ऑफिस किंवा पोलीस स्टेशनला आधी लेखी कळवायचं, ४५ दिवस जाऊ द्यायचे, मग व्यवहार, आणि दोघांच्या लायसन्सवर नोंद. अण्णांचा अर्ज गेलाय. लायसन्सचं नूतनीकरण आता पाच वर्षांनी असतं, त्यामुळं ह्या नोंदी विसरून राहतात, पुढच्या नूतनीकरणाला अडचण येते.

अण्णा ते पिस्तूल वारसानं पुतण्याला द्यायचा विचार करत होते. नियम २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये आहे, धारकाचं वय सत्तर झालं किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडं असलं की हयातीतच वारसाला अर्ज करता येतो, पण ते वय अजून झालेलं नाही आणि वर्षंही भरलेली नाहीत. शिवाय पोरानं अजून कशावरच हात बसवलेला नाही. त्याला मी दहा मीटर एअर पिस्तूलवर घेतलंय. ४.५ मिमीचा छर्रा, टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिमीचं, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढं. पहिल्या आठवड्यात छर्रेच भरू दिले नाहीत, नुसतं उभं राहणं, हात उचलणं, बोट बाहेर ठेवणं आणि रिकामं आहे हे दर वेळी मोठ्यानं सांगणं. नियमित येतोय. फायरिंग झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय चहाला हात लावत नाही, शिशाचं सांगितलेलं त्यानं लक्षात ठेवलंय. अण्णा महिन्यातून एकदा येतात, पाच राउंड रिव्हॉल्व्हरचे सात मीटरवर, सगळे डबल ॲक्शन, आणि लायसन्सवरच्या कोट्यातली काडतुसं पुरवून वापरायची म्हणून बाकी सगळा सराव रिकाम्या पुंगळ्यांवर.